नॅनोइलेक्ट्रॉनिक्स उत्कृष्टता केंद्र, आयआयटी मुंबई

नॅनोइलेक्ट्रॉनिक्स उत्कृष्टता केंद्र हे भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई (आयआयटी मुंबई) या संस्थेच्या पवई येथील आवारातील संशोधन केंद्र आहे. भारत सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या अर्थसाहाय्याने इ.स. २००६ मध्ये त्याची स्थापना झाली. याच प्रकल्पांतर्गत बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतही असे केंद्र उभारण्यात आले.

पार्श्वभूमी

आयआयटी मुंबईची स्थापना १९५८ साली झाली. संस्थेच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात जुझेर वासी, ए. एन. चांदोरकर, दिनेश शर्मा आदी प्राध्यापकांनी सूक्ष्म-इलेक्ट्रॉनिकीचे अध्यापन व संशोधन रुजवले. मात्र चिप प्रत्यक्ष घडवण्याच्या सोयी देशात अत्यल्प होत्या. मोहाली येथील सरकारी सेमीकंडक्टर संकुलाचे १९८९ च्या आगीत मोठे नुकसान झाले. परिणामी चिपचा आराखडा करणारे अभियंते देशात तयार होत असले, तरी ती घडवण्याचा अनुभव बहुतेकांना परदेशातच मिळत असे. ही उणीव दूर करणे हा केंद्राच्या स्थापनेमागील प्रमुख हेतू होता.

अध्यासन

विशिष्ट विषयातील संशोधनासाठी राखीव निधीतून निर्माण केलेल्या प्राध्यापकपदास अध्यासन म्हणतात. आयआयटी मुंबईतील नॅनोतंत्रज्ञानाच्या अध्यासनास पु. का. केळकर यांचे नाव आहे. केळकर हे मुंबईच्या व्हीजेटीआय संस्थेत विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. आयआयटी मुंबईच्या उभारणीच्या नियोजनात त्यांचा सहभाग होता. पुढे ते आयआयटी कानपूरचे पहिले संचालक व १९७० ते १९७४ या काळात आयआयटी मुंबईचे संचालक झाले. या अध्यासनावर व्ही. रामगोपाल राव यांनी काम केले. केंद्राच्या प्रकल्पाचे ते मुख्य अन्वेषकही होते. २०१६ साली ते आयआयटी दिल्लीचे संचालक झाले.

प्रयोगशाळा

चिपवरील रचना नॅनोमीटरमध्ये मोजल्या जातात. मानवी केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर असते. त्यामुळे धुळीचा एक कणही रचना निकामी करू शकतो. म्हणून हे काम ‘स्वच्छ कक्षा’त चालते. शंभर श्रेणीच्या कक्षात एक घनफूट हवेत अर्धा मायक्रॉन वा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा अधिक चालत नाहीत. प्रकाशाने आकृती उमटवण्याच्या दालनात पिवळे दिवे असतात, कारण सिलिकॉनवरील प्रकाशसंवेदी लेप निळ्या व अतिनील किरणांनी बिघडतो. हवेचे गाळण, अतिशुद्ध पाणी व घातक वायूंची सुरक्षितता यांवर अखंड खर्च होतो. त्यामुळे अशी प्रयोगशाळा उभारण्याइतकेच ती चालू ठेवणेही कठीण असते. अप्लाइड मटेरियल्स या अमेरिकी कंपनीनेही संस्थेस यंत्रसामग्री दिली.

इतर संस्थांना प्रवेश

प्रत्येक विद्यापीठास अशी प्रयोगशाळा परवडणे शक्य नाही. त्यामुळे २००८ साली भारतीय नॅनोइलेक्ट्रॉनिक्स उपयोगकर्ता कार्यक्रम सुरू झाला. त्याद्वारे अन्य महाविद्यालये व विद्यापीठांतील संशोधकांना प्रशिक्षण मिळते, तसेच स्वीकृत प्रस्तावांवर येथील यंत्रांवर काम करता येते. पुढील टप्प्यात इतर काही आयआयटींचाही यात समावेश झाला. यामुळे सरकारी निधीतून उभारलेली साधने एका संस्थेपुरती मर्यादित राहिली नाहीत.

संकेतप्रक्रियेशी संबंध

ध्वनी, प्रतिमा वा स्पंदने यांचे विद्युत संकेतांत रूपांतर करून त्यांतून माहिती वेगळी काढण्याच्या शास्त्रास संकेतप्रक्रिया म्हणतात. सूक्ष्म संवेदक संकेत टिपतो आणि गणिती प्रक्रिया त्याचा अर्थ लावते; म्हणून ही दोन्ही शास्त्रे परस्परपूरक आहेत. आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात विकास गद्रे नव्हे, तर विक्रम गद्रे यांनी तरंगिका अर्थात वेव्हलेट या विषयात, तर प्रीती राव यांनी वाणी व हिंदुस्थानी संगीताच्या विश्लेषणात काम केले आहे. शेतमालाचे बाजारभाव दूरध्वनीवर बोलून विचारता यावेत, यासाठी सहा भारतीय भाषांत राबवलेल्या प्रकल्पातील मराठीच्या कामात आयआयटी मुंबई व टाटा मूलभूत संशोधन संस्था सहभागी होत्या. त्यासाठी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या आवाजाचे नमुने गोळा करण्यात आले.

फलनिष्पत्ती

२०२१ साली आयआयटी मुंबईतील संशोधकांनी मोहालीच्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेसह १८० नॅनोमीटर तंत्रावर आधारित, उत्पादनक्षम ८-बिट स्मृतितंत्र विकसित केल्याचे जाहीर झाले. १९८९ च्या आगीत होरपळलेल्या संकुलाचीच ही उत्तराधिकारी प्रयोगशाळा होय.