बाजीराव दुसरे : राज्य गेले, लौकिकही गेला

दुसऱ्या बाजीरावांची पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. तिचा कणा मात्र ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहातच मोडला होता. इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेऊन तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख त्यांनी तोडून दिला. लढवय्यांची वाण नव्हती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी फौज खडकीला लढत असताना धनी पर्वतीवरून पाहत होते. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले. बाजीराव निसटले, पण साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. ‘पळपुटा’ हे विशेषण पुढे नावालाच चिकटले. जूनमध्ये माल्कमला शरण गेल्यावर वार्षिक ८ लाखांच्या तनख्यावर ते १८५१ पर्यंत बिठूरला राहिले.