हेमचंद्रांची ‘देशी’ : एक पुनर्विचार

मराठीच्या पूर्वेतिहासाची चर्चा करताना ‘देशीनाममाला’ या कोशाचा आधार आवर्जून घेतला जातो. संस्कृतात मूळ न सापडणारा शब्द या कोशात आढळला की तो लोकभाषेतला, म्हणून अस्सल, असा निष्कर्ष काढण्याकडे अनेकांचा कल असतो. कोशकर्ते आचार्य हेमचंद्र यांना ‘देशी’ या संज्ञेने हेच अभिप्रेत होते काय, हे तपासणे आवश्यक आहे.

गुजरातेतील धंधुका येथे इ. स. १०८८च्या सुमारास जन्मलेल्या चांगदेवाला देवचंद्रसूरींनी बालपणीच जैन मुनिदीक्षा दिली. सूरिपद प्राप्त झाल्यावर ‘हेमचंद्र’ हे नाव रूढ झाले. अणहिलवाड पाटणच्या सिद्धराज जयसिंह व कुमारपाल या चौलुक्य राजांचा आश्रय त्यांना लाभला. माळव्याच्या विजयानंतर भोजाच्या व्याकरणाची पोथी पाहून सिद्धराजाने स्वतंत्र व्याकरणाची मागणी केली, अशी कथा प्रबंधवाङ्मयात येते. कथेचे तपशील बाजूला ठेवले तरी ‘सिद्धहेमशब्दानुशासन’ या नावातच राजा आणि मुनी दोघेही उपस्थित आहेत. या ग्रंथाचे पहिले सात अध्याय संस्कृताचे असून आठवा प्राकृतांचा आहे.

‘देशी’ची व्याख्या या व्याकरणाशीच बांधलेली आहे. जो शब्द व्याकरणाच्या नियमांनी सिद्ध होत नाही, किंवा सिद्ध होत असूनही संस्कृत कोशांत त्या अर्थाने प्रसिद्ध नाही, आणि लक्षणेनेही ज्याचा अर्थ लागत नाही, तो देशी. शिवाय महाराष्ट्र, विदर्भ आदी प्रदेशांत प्रचलित असलेले शब्द अनंत असल्याने ते आपला विषय नव्हेत, असे हेमचंद्र स्पष्ट करतात. अनादी काळापासून चालत आलेली प्राकृत भाषा हाच त्यांचा विषय. म्हणजे त्यांची ‘देशी’ प्रदेशवाचक नाही. शास्त्राच्या सीमेवर उरलेल्या शब्दांचा तो वर्ग आहे. व्याकरणाची कक्षा बदलली की हा वर्गही बदलतो. या कोशातील अनेक शब्दांचे संस्कृत मूळ आधुनिक अभ्यासकांना दाखवता आले, ते यामुळेच.

लोकांचा आवाज हेमचंद्रांच्या ग्रंथात ऐकू येतो तो अन्यत्र. आठव्या अध्यायाच्या शेवटी अपभ्रंशाचे नियम सांगताना त्यांनी सुटी रूपे न देता अनेकदा संपूर्ण दोहे उद्धृत केले. वीरपत्नीचा अभिमान, विरहिणीची तगमग, व्यवहारातील शहाणपण असे त्यांचे विषय असून कवींची नावे दिलेली नाहीत. नियमाचे उदाहरण म्हणून आलेली ही कविता व्याकरणामुळेच टिकली. ‘काव्यानुशासना’वर संकलनाचा आक्षेप घेतला जातो, परंतु त्यातील ‘अभिनवभारती’चे उतारे मूळ ग्रंथाच्या पाठनिश्चितीस साहाय्यक ठरले आहेत. ज्याला उसनवारी म्हटले गेले, तेच जतन ठरले.

देशीवादाच्या चर्चेत या मुनीला साक्षीला बोलावताना म्हणूनच सावधगिरी हवी. हेमचंद्रांची ‘देशी’ संस्कृताविरुद्ध उभी केलेली अस्मिता नव्हे; संस्कृतकेंद्री शास्त्राने स्वतःच्या मर्यादेची दिलेली ती कबुली आहे. ही कबुली प्रामाणिकपणे नोंदवण्यात त्यांच्या विद्वत्तेचे मोठेपण आहे. तिला आजच्या वादातील प्रमाणपत्र करणे हा त्या विद्वत्तेवर अन्याय होय.