मुंबईतल्या खोलीचं भाडं कोणी भरलं?

आज आम्ही वालावलहून तुमच्याशी बोलतो आहोत.

2020 च्या एप्रिल महिन्याची गोष्ट. टाळेबंदी होती, म्हणून आमच्या बचतगटाची बैठक फोनवरच झाली. एका ताईंनी कर्ज मागितलं. कशाला, तर मुंबईतल्या मुलाच्या खोलीचं भाडं भरायला. मुलाचं काम बंद, पगार बंद, भाडं मात्र चालू. आमच्यात कुजबुज सुरू झाली. गटाचा पैसा शेळीला, शिलाई मशीनला, दुकानाला द्यायचा. मुंबईच्या खोलीला कसा द्यायचा? तेव्हा गटातल्या सगळ्यांत वयस्क आजी म्हणाल्या, "मुंबैच्या खोलयेचा भाडा आमी कधी भरूक नाय, ता सांगा!"

आजींचं बोलणं किती खरं होतं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

आपला सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये वेगळा झाला. त्याआधी आपण रत्नागिरी जिल्ह्यातच होतो. मुंबईत कापडाच्या गिरण्या वाढल्या, तसा रत्नागिरीचा माणूस तिकडे गेला. मालवण-वेंगुर्ल्याहून आगबोटीनं जायचं आणि परळ, लालबाग, वरळी भागात गावकऱ्यांच्या खोलीत उतरायचं. एका गावचे पुरुष मिळून एक खोली घेत. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी. गिरणीत पाळ्या असत, म्हणून एक झोपायला आला की दुसरा उठून कामाला जाई. भाडं सगळ्यांत वाटून. नव्या पोराला काम लागेपर्यंत बाकीचे सांभाळून घेत.

या खोलीत आपल्या बायकांना जागा नव्हती. त्या गावी राहिल्या. भात लावलं, नाचणी केली, म्हाताऱ्यांना पाहिलं, मुलं वाढवली. चाकरमानी सुट्टी संपवून निघाला की त्याच्याबरोबर तांदूळ, कुळीथ, सोलं, सुकी मासळी जायची. म्हणजे गावाहून मुंबईला धान्य जात होतं आणि मुंबईहून गावाला मनीऑर्डर येत होती. हिशेब लिहिला गेला तो फक्त मनीऑर्डरचा.

मंदी आली की या व्यवस्थेचं खरं रूप दिसे. 1928 साली गिरण्यांचा संप जवळजवळ सहा महिने चालला. पुढे जगभर मंदी आली, मजुरी कापली गेली आणि 1934 साली पुन्हा मोठा संप झाला. काम नसलेला गिरणी कामगार गावाकडे परते. तिकडे पोटाला काढायचं ते इकडच्या भातशेतीतून. त्याच काळात मुंबईत एक उलटी गोष्ट दिसत होती. सरकारच्या विकास खात्यानं 1920 नंतर वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला 207 चाळी बांधल्या. त्यांनाच आपण बीडीडी चाळी म्हणतो. शहरात माणसं दाटीवाटीनं राहत होती, तरी या चाळींतल्या कित्येक खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या. घर असून भागत नाही. भाडं परवडावं लागतं आणि काम जवळ असावं लागतं.

1947 साली भाडे नियंत्रणाचा कायदा आला. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडं होतं, तेच साधारणपणे कायम धरलं गेलं. जुन्या भाडेकरूला आधार मिळाला, पण नवी खोली मिळवायला पागडी मोजावी लागू लागली. एकदा खोली सुटली की पुन्हा मिळणं कठीण.

म्हणून 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, तेव्हा खोली टिकवणं हीसुद्धा एक लढाई होती. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. किती घरांतलं मंगळसूत्र, किती घरांतली दुभती म्हैस त्या दिवसांत गेली, याची नोंद कुठल्याच कार्यालयात नाही. बऱ्याच जणांना पुन्हा काम मिळालंच नाही.

मुंबईतही अशा बायका होत्याच. गिरणगावात खाणावळ चालवणाऱ्या बायका एका लहान खोलीत राहून दहा-वीस जणांचं जेवण करत. त्याआधीच्या संपात त्यांनी उधारीवर जेवू घातलं आणि स्वतः सावकाराच्या कर्जात बुडाल्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आज आपण बचतगटात जे करतो, त्याची ही थोरली बहीण म्हणायची.

आता 2020 कडे परत येऊ. आम्ही त्या ताईंना कर्ज दिलं, पण आधी तीन प्रश्न विचारले. करार नोंदवलेला आहे का? भाड्याची पावती मिळते का? अनामत किती दिली, ते लिहिलेलं आहे का? 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. भाडं दिल्यावर पावती मिळणं हा भाडेकरूचा हक्क आहे. त्याच एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागानं सूचना काढली होती, की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि भाडं थकलं म्हणून कोणाला बाहेर काढू नये. भाडं माफ झालं नव्हतं, फक्त मुदत मिळाली होती. पण हे कळल्यावर त्या मुलाला मालकाशी नीट बोलता आलं. ताईंना मागितलेल्याच्या निम्मंच कर्ज लागलं आणि पुढच्या वर्षी ते फिटलं.

2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1036 बायका होत्या. याचं एक मोठं कारण म्हणजे मुंबईची वाट. ती वाट अजून चालू आहे, म्हणजे भाड्याचा प्रश्नही चालूच राहणार.

तुमच्या घरात जुन्या मनीऑर्डरच्या पावत्या, भाडेपावत्या, गावमंडळाच्या खोलीच्या वह्या असतील तर त्या चुलीत घालू नका. पुढच्या बैठकीला घेऊन या. आणि त्यांच्या शेजारी दुसरी वही ठेवूया: गावाहून काय काय गेलं, त्याची. ती आजवर कोणी लिहिलेली नाही. आजींना विचारून आम्ही तिचं पहिलं पान लिहायला घेतलं आहे.