रूट, लोणी आणि खोडलेली एक ओळ

परवा कपाटाचा खण आवरताना माझा जुना अँड्रॉईड फोन हाती लागला. भाचा म्हणाला, "मामा, हा चालायचा?" म्हटलं, "चालायचा रे, पण अडखळत." आणि मग सगळं आठवत गेलं...

पहिला अँड्रॉईड फोन, टी-मोबाईल जी१, ऑक्टोबर २००८ मध्ये आला. रॅम अवघी १९२ एमबी! पुढच्याच महिन्यात गंमत उघडकीला आली. कीबोर्डवर काहीही टाईप केलं की ते आतल्या आत रूटच्या, म्हणजे फोनच्या सर्वाधिकाऱ्याच्या, नावानं हुकूम म्हणूनही जायचं. नुसतं 'रीबूट' लिहून एंटर दाबलं की फोन खरंच बंद होऊन पुन्हा सुरू! गूगलनं ती चूक दुरुस्त केली, पण एकदा माजघर पाहिलेली मंडळी थोडीच थांबणार? २००९ मध्ये स्टीव्ह कोंडिकचं सायनोजेनमॉड आलं आणि फोन रूट करायचं वेडच लागलं.

दुखणं एकच, स्क्रीन सरकताना बसणारे झटके. खिडक्या एकमेकींवर रचायचं काम ग्राफिक्स चिप पहिल्यापासूनच करत होती. पण खिडकीतली अक्षरं, बटणं मुख्य प्रोसेसर रंगवायचा. तेही काम चिपकडे द्यायची सोय २०११ मध्ये अँड्रॉईड ३.० नं केली. आमच्या जुन्या फोनना ती कुठून मिळणार? मग आम्ही 'बिल्ड.प्रॉप' नावाच्या फाईलमध्ये जादूच्या ओळी घालायचो. 'डीबग.एसएफ.एचडब्ल्यू=१' ही त्यातली लाडकी. मूळ कोड पाहिला तर तिथे फक्त शून्याला अर्थ होता, शून्य टाकलं तर चिपचा वापर बंद. म्हणजे आम्ही चालू दिव्याचं बटण पुन्हा चालू करत होतो! तरी फोन 'पळतोय' असं वाटायचंच.

२०१२ मध्ये एका रात्री मी 'ईजीएल.सीएफजी' फाईल उघडली आणि चिपशिवाय चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरची ओळ खोडून टाकली. आता सगळा भार चिपवर, फोन सुसाट! फोन लोगोवरच अडकला तो अडकलाच. शेवटी सगळं पुसून नव्यानं सिस्टीम टाकली. फोन वाचला, पण बाबांचे एसएमएस गेले. 'jevlas ka' सारखे, इंग्रजी अक्षरांतले. बाबा त्याआधीच्या वर्षी गेले होते...

त्याच वर्षी जुलैत अँड्रॉईड ४.१ आलं, 'प्रोजेक्ट बटर' घेऊन. नावातच लोणी! पडदा तेव्हा सेकंदाला साठ वेळा ताजा व्हायचा, म्हणजे एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद. चित्र काढायचं काम त्या ठेक्याला बांधलं, तिसरा बफर दिला, बोट टेकताच प्रोसेसरचा वेग वाढवला. झटके बरेचसे गेले. आम्ही जोर वाढवत बसलो होतो, चुकत होता तो ताल.

रूटनं आत जायची किल्ली दिली, याचा आनंद आजही आहे. पण किल्ली मिळाली म्हणजे घर कळलं असं नाही, हे फार उशिरा कळलं.

असो. फोन परत खणात ठेवलाय. टाकवत नाही.