शनिवारवाड्यातला संशयित

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात पहाऱ्यावरच्या गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. जीव वाचवायला ते सख्ख्या चुलत्याकडे, राघोबांकडे, धावले आणि त्यांच्यासमोरच मारले गेले. या खुनाचा विषय निघाला की राघोबांच्या पत्नी आनंदीबाईंनी चिठ्ठीत ‘धरावे’चे ‘मारावे’ केल्याची कथा आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचा बाणेदारपणा या दोनच गोष्टी आठवल्या जातात. त्यापेक्षा घराण्याचे वागणे तपासावे. आप्ताचा अपराध पेशव्यांच्या भट घराण्याने कधी अपराध मानलाच नाही, तो भाऊबंदकीत जमा केला. १७६२ मध्ये आळेगावला राघोबांनी पुतण्याला, तेव्हाच्या माधवराव पेशव्यांना, लढाईत नमवले, १७६८ मध्ये धोडपला माधवरावांनी त्यांना पकडले. एखाद्या सरदाराने इतके केले असते तर त्याची धडगत नव्हती. काकांना मिळाली नजरकैद, तीही राहत्या वाड्यात. माधवरावांनी मरण्यापूर्वी धाकट्या भावाला, नारायणरावांना, याच काकांच्या हवाली केले. काही महिन्यांतच नारायणरावांनी त्यांना पुन्हा कोंडले, पुन्हा त्याच वाड्यात, जिथे पहाऱ्याच्या माणसांशी संधान बांधणे कैद्याला अवघड नव्हते. कटाला वाट मिळाली ती या आप्तपणाच्या सोयीतून.

राघोबांना पुतण्याला फक्त पकडायचे होते, हा त्यांच्या बाजूचा जुना युक्तिवाद. तो अगदीच टाकाऊ नाही. चिठ्ठीतल्या फेरफाराची कथा ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात नोंदवली, म्हणजे घटनेनंतर पन्नासेक वर्षांनी. त्या भरवशावर आनंदीबाईंना दोषी ठरवणे मला पटत नाही. पण हेतू पकडण्याचाच होता असे मानले, तरी खुनानंतरची वर्तणूक उरतेच. ज्याचा डाव हाताबाहेर गेला त्याने निदान मारेकऱ्यांना धरायला हवे होते. राघोबांनी गारद्यांना मोबदला देऊ केला आणि साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आणवली. रामशास्त्र्यांनी चौकशी करून त्यांना दोषी ठरवले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. निकाल लागला, पण तो अमलात आणणारा कोणी नव्हता.

मग बारभाईंनी, म्हणजे राघोबांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांनी, तरी नात्यापुढे न्याय धरला असे म्हणावे काय? सखारामबापू बोकील तर पूर्वी राघोबांचेच माणूस. कारभाऱ्यांचा स्वार्थ उघड होता. तरी केवळ स्वार्थ असता तर साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाने कारभार चालवून भागले असते. त्यांनी तसे केले नाही. नारायणरावांची गरोदर विधवा गंगाबाई, सोबत सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई, यांना पुरंदरावर नेऊन त्यांनी बाळंतपणाची वाट पाहिली. मुलगी झाली असती तर सगळाच डाव बुडाला असता! त्र्यंबकरावमामा पेठे मार्च १७७४ मध्ये कासेगावजवळ राघोबांशी लढताना पडले, तेव्हा ज्याच्यासाठी लढाई चालली तो धनी जन्मलाही नव्हता; सवाई माधवराव जन्मले १८ एप्रिलला. संशयाने घराण्यावरची निष्ठा मोडली नाही, ती काकांवरून गर्भावर गेली. राघोबा खुनी म्हणून पदच्युत झाले खरे, पण त्यासाठीही त्यांच्याहून जवळचा वारस हाती असावा लागला.

शिक्षेतला फरकही पाहावा. हाती लागलेल्या गारद्यांना देहदंड झाला. राघोबा इंग्रजांकडे गेले, सुरतेच्या तहाने १७७५ मध्ये युद्ध ओढवून घेतले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात त्यांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. कोपरगावला ते मेले ते नेमणूकदार म्हणून. सवाई माधवराव १७९५ मध्ये निपुत्रिक वारले, तेव्हा राघोबांच्या मुलाला, बाजीरावाला, गादीपासून दूर ठेवण्याची खटपट झाली. त्यासाठी सवाई माधवरावांच्या विधवेच्या मांडीवर दत्तक बसवला गेला तो चिमाजी, बाजीरावाचा सख्खा भाऊ, म्हणजे राघोबांचाच दुसरा मुलगा. तीही तोड टिकली नाही. डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवे झाले, आणि बारभाईंतल्या नाना फडणिसांनीच त्यांचा कारभार हाती घेतला.