संत्र्याचा रस की ढोबळी मिरची, 'क' जीवनसत्त्व जास्त कशात?

सर्दी झाली की घरात सगळ्यात आधी आठवतं ते संत्रं. 'क' जीवनसत्त्व म्हणजे संत्रं, हे समीकरणच झालंय. पण भाजीच्या टोपलीतली साधी हिरवी ढोबळी मिरची या बाबतीत संत्र्याच्या रसाला मागे टाकते.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आकडेवारीनुसार, 100 ग्रॅम ताज्या संत्र्याच्या रसात सुमारे 50 मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असतं. तेवढ्याच कच्च्या हिरव्या ढोबळी मिरचीत ते सुमारे 80 मिलिग्रॅम असतं. पिकून लाल झालेल्या मिरचीत त्याहूनही जास्त. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला 80, तर स्त्रीला 65 मिलिग्रॅमची गरज असते.

हे जीवनसत्त्व वेगळं काढण्याच्या इतिहासातही मिरचीने बाजी मारली आहे. हंगेरीचे शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना ते शुद्ध स्वरूपात भरपूर हवं होतं. संत्र्या-लिंबाच्या रसातल्या साखरेमुळे ते वेगळं करणं अवघड जात होतं. शेवटी सेगेड शहराच्या परिसरात मुबलक पिकणारी पॅप्रिका, म्हणजे ढोबळीचीच बहीण, कामी आली. पुढे 1937 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

खरा फरक साखरेचा

रसाचा एक मोठा ग्लास (साधारण 250 मिली) घेतला, तर 'क' जीवनसत्त्व 120 मिलिग्रॅमच्या पुढे जातं. म्हणजे दिवसाची गरज तोही भागवतोच. पण त्यासोबत सुमारे 21 ग्रॅम साखर पोटात जाते आणि तंतू मात्र अर्धा ग्रॅमच मिळतात. कारण एका ग्लासासाठी तीन-चार संत्री पिळली जातात आणि चोथा फेकला जातो. 100 ग्रॅम हिरव्या ढोबळीत साखर अडीच ग्रॅमच्या आत आणि तंतू पावणेदोन ग्रॅमच्या आसपास.

वरून साखर घातली नाही, तरी फळांच्या रसातली साखर जागतिक आरोग्य संघटना 'मुक्त साखर' म्हणूनच मोजते. 2000 कॅलरीच्या आहारात ती 50 ग्रॅमच्या आत, शक्य झाल्यास 25 ग्रॅमपर्यंतच ठेवावी, असं संघटना सांगते. मधुमेह असणाऱ्यांनी हा आकडा विशेष लक्षात ठेवावा.

रसाची बाजू अगदीच लंगडी नाही. फोलेट त्यात ढोबळीपेक्षा जास्त असतं, पोटॅशियमही किंचित अधिक.

पाकिटावर काय लिहिलंय?

ही तुलना ताज्या रसाशी आहे. दुकानातलं 'फ्रूट ड्रिंक' हे वेगळंच प्रकरण. भारतातल्या नियमांनुसार अशा पेयात फळाचा रस किमान 10 टक्के असला तरी चालतो. उरलेलं बहुतेक पाणी आणि साखर. मुलांच्या डब्यासोबत ते 'फळ' म्हणून देत असाल, तर पाकिटामागची बारीक अक्षरं जरूर वाचा. पाण्यात मिसळून पुन्हा तयार केलेल्या रसावरचा '100 टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाका, असे आदेश एफएसएसएआयने जून 2024 मध्ये कंपन्यांना दिले होते.

मग भाजी शिजवल्यावर?

'क' जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं आणि पाण्यात विरघळतं. त्यामुळे ढोबळी उकडून पाणी ओतून देणं सगळ्यात तोट्याचं. पीठ पेरून केलेल्या भाजीत निदान पाणी तरी फेकलं जात नाही. ती फार वेळ शिजवू नये, एवढंच. कोशिंबिरीत कच्ची चिरून घातली, तर सगळ्यात उत्तम. डाळी आणि पालेभाज्यांमधलं लोह शरीरात शोषलं जायला हे जीवनसत्त्व मदत करतं, म्हणून ती कोशिंबीर जेवणासोबतच खाल्लेली बरी.