तापीचे पात्र आणि प्रवाशाची शिदोरी

चांगदेवापासून प्रकाशापर्यंत तापीतून लहान होडीने जावे, वाटेत वाळवंटात राहुटी ठोकून रात्र काढावी आणि गळास लागतील त्या मासळीवर जेवण भागवावे, असा बेत आमच्या ओळखीच्या काही तरुणांनी आखला व सामानाची यादी मजपुढे ठेवली. दोर, गळ, पीठमीठ, औषधे, काहीही राहिले नव्हते. ती वाचताना मात्र एक प्रश्न मनात उभा राहिला. एवढी मोठी नदी दाराशी असता खानदेशाने तिचा मार्ग का केला नाही?

ह्याचे उत्तर नदीच्या स्वभावात आहे. मुलताईपासून समुद्रापर्यंत तापीची लांबी सुमारे ७२४ किलोमीटर. परंतु खानदेशात तिच्या दरडी उंच, पात्र ठिकठिकाणी खडकाळ, पावसाळ्यात पूर अनावर आणि उन्हाळ्यात डोहामागून उथळ धार. म्हणून सुरतेचा माल बऱ्हाणपुरास गेला तो बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून. १६१५ साली इंग्रज वकील सर टॉमस रो ह्याच खोऱ्यातून खुष्कीनेच बऱ्हाणपुरास पोहोचला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये ह्याने तर प्रवासाचा हिशेबच लिहून ठेवला आहे: सुरतेहून आग्र्यास ३५ ते ४० दिवस, आणि प्रतिष्ठेने जावयाचे तर सोबत वीस-तीस हत्यारबंद शिपाई.

परंतु शिदोरी म्हणजे केवळ गाठीचे सामान नव्हे. १६३० साली पीटर मंडी सुरतेहून निघाला तेव्हा दुष्काळ पडला होता. नंदुरबारास प्रेतांमुळे लहानसा तंबू ठोकण्यापुरती जागा मिळणेही त्यास कठीण झाले. ज्याच्यापाशी तंबू होता, त्यासही तो ठोकण्यास भूमी हवी होती. प्रवासी कितीही स्वावलंबी असो, तो अखेर काठच्या गावांच्या सुखदुःखावर अवलंबून असतो.

होडीने हौसेचा प्रवास करण्याची जी आधुनिक प्रथा, तिचा एक आद्य प्रवर्तक स्कॉटिश वंशाचा जॉन मॅकग्रेगर. १८६५ साली तो ‘रॉब रॉय’ नावाच्या एकट्याच्या होडीतून युरोपच्या नद्यांवर फिरला. ती १५ फूट लांब व ८० पौंड वजनाची होती. जेथे पाणी संपे, तेथे तो होडी गाडीवर चढवी. होडी हलकी हवी ती पाण्यासाठी तितकीच जमिनीसाठीही, हा त्याच्या सफरीचा धडा आमच्या तरुणांस विशेष उपयोगी आहे.

कारण आज तापी निराळीच झाली आहे. हतनूरचे धरण, पुढे सुलवाडे, सारंगखेडे व प्रकाशे येथील बंधारे ह्यांनी तिचे अनेक तुकडे केले आहेत. जेथे खडक होडी अडवीत, तेथे आता कित्येक मैल पाणी स्थिर उभे असते. पण प्रत्येक बंधाऱ्याशी उतरून होडी खांद्यावर घ्यावी लागणार. म्हणजे नदी होडीस सोयीची झाली ती वाहणे सोडून! ह्याची किंमत माशांनी दिली. महासीर हा वाहत्या, खडकाळ पाण्याचा मासा. पुराबरोबर तो वर चढतो व अंडी घालतो. इंग्रज अधिकारी टॉमस ह्याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ ह्या ग्रंथात ज्याचे एवढे कौतुक केले, त्या माशाची वाट बंधाऱ्यापाशी खुंटते.

शिवाय जलाशयातील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतो. आपल्या दृष्टीने जी मौज, ती भोई-कोळ्यांची भाकरी आहे. तेव्हा त्यांच्या संमतीवाचून गळ टाकणे बरे नव्हे. पाणी केव्हा सोडणार ह्याची चौकशी पाटबंधारे खात्याकडे करणेही तितकेच अगत्याचे. १८७२ साली पांझरेच्या पुराने धुळ्याची केलेली हानी ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्या नद्यांच्या शांतपणाचा अर्थ निराळा सांगावयास नको.

मी ती यादी परत केली ती दोन ओळी वाढवून. वाटेतील प्रत्येक गावी एका वृद्ध भोयास भेटून पात्राची माहिती विचारावी. आणि जेथे मासा मिळणार नाही, तेथे तो पूर्वी मिळत असे काय, हे टिपून ठेवावे. मासळी हाती न लागली तरी ही टिपणे खानदेशच्या इतिहासास उपयोगी पडतील.